प्रात्यक्षिक, गोळीबार चौक

पहाटेचे पावणेतीन. मे महिना.
डांबर अजून कालचं ऊन सोडतंय.
तांडापेठेकडून एक कुत्रं आलं,
आमच्याकडे पाहिलं
आणि काही निर्णय न घेता परत गेलं.
आम्ही सातजण. पाच उमेदवार, एक शिपाई,
आणि मी, परीक्षक, उपअभियंता, पाणीपुरवठा.
हातात गुणपत्रिका, तिच्याखाली पुठ्ठा.

यंदा नियम बदलले.
आधी ज्येष्ठतेची यादी असायची,
पुढचा निवृत्त झाला की मागच्यानं एक पाऊल.
नाहीतर वरून फोन यायचा,
‘आपला माणूस आहे, जरा पाहून घ्या.’
मीही असाच पाहून घेतला गेलेला.
हे कुठल्या गोपनीय अहवालात नाही,
म्हणून इथे लिहितो.

आता म्हणे, काम येतं का ते बघा.
या रस्त्याखाली नळ कुठंतरी गळतोय.
लोखंडी सळईचं एक टोक जमिनीला, एक कानाला,
मग खडूनं फुली.
फुली मारली की खोदायचं.

पहिले बावनथडे, बावीस वर्षांची नोकरी.
त्यांनी फुली मारली पानठेल्यासमोर,
कारण तिथे ओल होती.
ओल पानठेल्याचीच होती.
दुसऱ्याकडे पदविका. त्यानं दाबाचं सूत्र सांगितलं,
बरोबर सांगितलं,
आणि खोदल्यावर कोरडी माती निघाली.
तिसरा सारखा मोबाइल बघत होता,
फोन कुणाचा येणार होता ते मी विचारलं नाही.

चौथी सुलोचना हेडाऊ.
नवरा व्हॉल्व्हच्या चेंबरात उतरला तो वर आला नाही.
तेव्हापासून ऑफिसात तिला नाव नाही,
‘अनुकंपावाली’ म्हणतात.
टपाल, चहाचे कप, अकरा वर्षं.

तिनं आधी चपला काढल्या.
कशाला, मी म्हणालो.
‘तळपायालेबी आयकू येते जी.’

सळई टेकवली. डोळे मिटले नाहीत,
उघडेच ठेवले, गर्दीत कुणी ओळखीचं शोधावं तसे.
चार पावलं. थांबली. दोन मागे.
‘इथं नाही. इथं नुसतं वळण आहे,
वळताना पाणी कुरकुर करते.
गळती बारीक बोलते, सुईवानी.’
आणि मग, सळईवरून कान न काढता,
‘माह्या बापाचे दोन माग होते, याच गल्लीत.
एक तार तुटली की मागाचा आवाज बदलते.
बाप इचारे, कोणता माग, पोरी?
मी नुसतं बोट दाखवाची.’

फुली. कुदळ. दीड हातावर
पातं ओलं निघालं.

पाचव्यानं सळई हातात घेतली
आणि न बोलता परत ठेवली.

सगळे खड्ड्यावर वाकलेले असताना
मी ती उचलली, पलीकडच्या कडेला गेलो,
कान लावला.
माझंच रक्त ऐकू आलं.
लांब इतवारी स्टेशनावर एक मालगाडी धक्के खात जुळत होती.
पाण्याचं काही नाही.
सत्तावीस वर्षं मी या शहराच्या पाण्यावर
सह्या करतोय.

तिनं पाहिलं. हसली नाही.
‘साहेब, दात नका आवळू.
दात आवळले की कान बंद होते.’

जबडा सैल सोडायला मला वेळ लागला.

मग बॅटरीच्या उजेडात पत्रिका भरली.
शैक्षणिक अर्हता, वर्तणूक,
वरिष्ठांशी संबंध.
रकाने जुनेच होते, वर शीर्षक तेवढं नवं.
कानासाठी जागा नव्हती,
ती मी समासात केली.
शंभरपैकी शहाण्णव लिहिले.
सवय. पूर्ण गुण दिले की वरून विचारणा येते.
खड्ड्यातलं पाणी एव्हाना
फुलीचा खडू धुवायला लागलं होतं.
शहाण्णव खोडले.
खाडाखोडीजवळ परीक्षकाची सही लागते,
हा नियम मात्र बदललेला नाही.
केली.